विहीणबाईंचे मूळ गाव

आपल्याकडे नव्या माणसाची ओळख झाली की आडनावापाठोपाठ मूळ गावाची चौकशी होते. आम्ही इंदूरकर. होळकरशाहीत कारकुनीच्या निमित्ताने आमचा मूळ पुरुष कोकणातून निघून माळव्यात येऊन राहिला, त्याला आज सात पिढ्या लोटल्या. आमच्या पिढीतल्या फार थोड्यांनी ते कोकणातले गाव डोळ्यांनी पाहिले असेल. तरीही कोणी विचारले की गाव, कुलदैवत आणि गोत्र ही तिन्ही एका दमात सांगून आम्ही मोकळे होतो. त्यामुळे आमच्या धाकट्या चिरंजीवांनी कॅनडात विवाह केला आणि २०१६ साली आम्ही उभयता प्रथमच सूनबाईंच्या माहेरी गेलो, तेव्हा चहाचा पहिला घोट घेण्यापूर्वीच आमच्या तोंडून तो प्रश्न निघून गेला : "आपले मूळ गाव कोणते?"

विहीणबाईंनी खिडकीबाहेर हात केला. "हेच." मग थोडे थांबून म्हणाल्या, "याच्या मागचे आम्हांला ठाऊक नाही. माझे आजोबा इंग्लंडातून आले. त्यांना आईबाप नव्हते. त्यांनी कधी सांगितले नाही आणि आम्ही कधी विचारले नाही."

प्रश्न सहज विचारला गेला होता. पण तो तेथेच संपला नाही. पुढे सात वर्षे तो त्या घरात घोळत राहिला आणि अखेरीस आम्हां तिघांना ओटावापासून लिव्हरपूलपर्यंत घेऊन गेला. त्या शोधाची ही हकीकत.

प्रथम ‘विहीणबाई’ या शब्दाविषयी. तो आम्हीच त्यांना शिकवला. मुलाच्या सासूशी असलेल्या आपल्या नात्याला इंग्रजीत शब्दच नाही, हे त्यांना तोवर कधी जाणवले नव्हते. नात्याला नाव आहे म्हणजे ते नाते खरे आहे, असे त्यांच्या मनाने घेतले असावे. कारण त्या दिवसापासून त्या आमच्या सौ.ला ‘विहीण’ अशीच हाक मारू लागल्या. उच्चार थोडा अडखळतो, माया अडखळत नाही.

त्यांचे शेत ऑंटारिओ प्रांतात, बेलव्हिल शहराच्या उत्तरेस हेस्टिंग्ज परगण्यात आहे. जमीन आपल्या माळव्यासारखी काळीभोर नव्हे. थंडीत ती गोठते, बर्फ वितळताना फुगते, आणि दर वसंतात खालचे धोंडे वर ढकलते. ते वेचून बांधावर रचण्याचे काम दर वर्षी नव्याने करावे लागते. कुंपणे सीडरच्या चिरलेल्या ओंडक्यांची, एकावर एक तिरपी रचलेली आणि नागमोडी. मेपलची झाडे, पत्र्याचे छप्पर घातलेले उंच कोठार, आणि दुधाच्या गाईंची जुनी गोठाण. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी हा सारा मुलूख चीजसाठी प्रसिद्ध होता. येथले चीज बोटींतून इंग्लंडला जाई, आणि इंग्लंडहून बोटींतून मुले येत.

होय, मुले. वाचकांपैकी पुष्कळांना ही गोष्ट ठाऊक नसेल, आम्हांलाही नव्हती. १८६९ साली मरिया राय नावाच्या बाईंनी इंग्लंडातील निराधार मुलींची एक तुकडी कॅनडात नायगारापाशी आणली. पुढल्याच वर्षी ॲनी मॅक्फर्सन यांनी मुलगे आणले. १८८२ पासून डॉक्टर बर्नार्डो यांच्या संस्थेने हे काम फार मोठ्या प्रमाणावर चालविले. विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकापर्यंत अशा निरनिराळ्या संस्थांनी मिळून एक लाखाहून अधिक मुले ब्रिटनमधून कॅनडात पाठविली. तिकडे त्यांना ‘होम चिल्ड्रन’ म्हणतात. घर नसलेल्या मुलांना हे नाव मिळावे, हा भाषेचा एक क्रूर खेळच म्हणायचा. मूळ अर्थ एवढाच की ती अनाथगृहांतून आलेली.

हेतू चांगला होता, असे म्हणणारे आजही आहेत आणि ते सर्वस्वी चूक नाहीत. लंडन, मँचेस्टर, लिव्हरपूल या शहरांतल्या गल्ल्यांत मुले उपाशी मरत होती; कॅनडात शेते होती आणि हात नव्हते. एका मुलासाठी शेतकऱ्यांचे कित्येक अर्ज येत. पण मुलगा शेतावर गेला की बहुधा कराराने बांधला जाई. लहान असेपर्यंत अन्नवस्त्र आणि हिवाळ्यात थोडी शाळा, मोठा झाल्यावर नाममात्र मजुरी, तीही त्याच्या हाती न देता बँकेत. आपल्याकडच्या गिरमिटीयांची आठवण यावी असाच हा प्रकार. फरक एवढा की हे गिरमिटीये आठ-दहा वर्षांचे होते. काहींना पोटच्या पोराप्रमाणे वागविणारी घरे मिळाली, काहींना गोठ्याशेजारची खोली. ॲन्ड्रू डॉइल नावाच्या सरकारी निरीक्षकाने १८७५ सालीच आपल्या अहवालात स्पष्ट लिहिले होते की, मुले एकदा वाटून दिली की त्यांची देखरेख पुरेशी होत नाही. तरी पुढे पन्नास वर्षे बोटी येतच राहिल्या. आईबापांवाचून येणाऱ्या चौदा वर्षांखालील मुलांना कॅनडाने बंदी घातली ती १९२५ साली. ब्रिटनच्या पंतप्रधानांनी क्षमा मागितली २०१० साली, आणि कॅनडाच्या लोकसभेने २०१७ साली. तोवर क्षमा करण्यासाठी फारसे कोणी उरले नव्हते.

विहीणबाईंचे आजोबा त्यांपैकी एक होते. एवढे घरात ठाऊक होते, कारण माळ्यावर त्यांची छोटी लाकडी पेटी होती आणि तीत एक बायबल होते. त्यावर त्यांचे नाव आणि १९०४ हे साल. १९६८ साली ते वारले तेव्हा विहीणबाई सतरा वर्षांच्या होत्या. आजोबांविषयी त्यांची एकच खंत होती. नऊ वर्षांच्या असताना त्यांनी एकदा विचारले होते, "आजोबा, तुमची आई कुठे आहे?" ते म्हणाले, "ती वारली," आणि टोपी घालून कोठाराकडे निघून गेले. पुढे शाळेत एका मुलीने ‘होम बॉयची नात’ म्हणून चिडविले. त्या काळी त्या शब्दाला चोरी-लबाडीचा वास होता. आजोबा काही गुन्हा करून आले होते का? की आईने नकोसे म्हणून देऊन टाकले? या दोन शंका त्यांनी साठ वर्षे मनात बाळगल्या होत्या. त्यांच्या थोरल्या बंधूंचे मत मात्र ठाम होते : उकरू नये. झाकली मूठ आपल्याकडेच सव्वा लाखाची असते असे नाही.

बंधूंच्या हयातीत विहीणबाईंनी काही केले नाही. ते २०२१ साली गेले, आणि पुढल्या वर्षी त्यांनी आम्हांला लिहिले : "तुमच्या प्रश्नाचे उत्तर शोधायचे ठरविले आहे. तुम्ही येणार का?"

असा शोध कसा घेतात, याची आम्हांला काहीच कल्पना नव्हती. आपल्याकडे त्र्यंबकेश्वरी जावे, तीर्थोपाध्यायांना आडनाव आणि गाव सांगावे. ते बासनातून वही काढतात आणि पणजोबांची सही समोर ठेवतात. कुलवृत्तांत छापलेला असला तर तेवढेही करायला नको. तिकडे सरकारी दप्तर हीच वही. ओटावाच्या राष्ट्रीय दप्तरखान्याने या मुलांची नावे बोटींच्या याद्यांतून काढून एक सूची केली आहे, आणि ती घरबसल्या संगणकावरही पाहता येते. क्वेबेक बंदरात उतरणाऱ्यांच्या याद्या १८६५ पासूनच्या आहेत. त्याआधी आलेल्यांचा शोध त्यामुळे फार अवघड जातो. आमचे काम १९०४ चे, म्हणजे सोपे. निदान आम्ही तसे समजलो.

सूचीत त्या नावाचा मुलगा पहिल्याच दिवशी सापडला. मँचेस्टरचा, वय दहा. विहीणबाई रात्रभर झोपल्या नाहीत. मँचेस्टरची माहिती जमवली, नकाशे काढले. सूनबाईंनी तर तेथल्या एका चर्चला पत्रही धाडले. दोन आठवड्यांनी त्या मुलाचा मृत्यूचा दाखला हाती आला : विनिपेग, १९०९. सौ. म्हणाली, "अहो, पंधरा वर्षांचा होऊन वारलेल्या मुलाला नातवंडे कशी असतील?" सगळे हसले; विहीणबाई मात्र हसल्या नाहीत. त्या दोन आठवड्यांत त्या मुलावर त्यांचा जीव जडला होता. त्याचा कागद त्यांनी फाडला नाही. वेगळा ठेवून दिला.

इंग्लंडात नावे थोडी आणि माणसे फार. एकाच नावाचे चार मुलगे चार बोटींतून येतात. म्हणून जाणते लोक सांगतात की, नावावर कधी भरवसा ठेवू नये. वय, जन्मगाव, बापाचा धंदा आणि आईचे माहेरचे आडनाव यांपैकी निदान तीन गोष्टी जुळाव्यात. आम्ही ते पोळल्यावर शिकलो.

२०२३ च्या जून महिन्यात आम्ही तिघे ओटावाला गेलो. संसदेच्या टेकडीपासून चालत जाता येईल अशा अंतरावर, ओटावा नदीच्या काठी दप्तरखान्याची ती करडी, साधी इमारत आहे. तेथल्या एका तरुण कर्मचारी बाईंनी आमची सारी टिपणे शांतपणे वाचली आणि विचारले, "आजोबा पहिल्या महायुद्धात गेले होते का?" विहीणबाई म्हणाल्या, "गेले होते; पण त्याविषयीही ते बोलत नसत." बाई म्हणाल्या, "मग तेथूनच सुरुवात करा. भरती होताना प्रत्येकाला जवळच्या नातलगाचे नाव द्यावे लागे."

कॅनडाच्या त्या सैन्यातील सहा लाखांहून अधिक लोकांच्या नस्त्या जपून ठेवल्या आहेत आणि त्या सर्वांची छायाचित्रे काढून झाली आहेत. आजोबांची नस्ती उघडली. भरतीचा कागद, १९१६. जन्मगाव लिव्हरपूल. धंदा शेतमजूर. आणि ‘जवळचे नातलग’ या ओळीत : आई. तिचे नाव. लिव्हरपूलमधील रस्ता आणि घराचा क्रमांक. खाली त्यांची स्वतःची सही.

विहीणबाईंनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला. "पण ती तर नव्हती ना?" एवढेच त्या म्हणाल्या.

नस्तीत पुढे पगाराची पत्रके होती. कॅनडाच्या साध्या शिपायाला त्या वेळी दिवसाला एक डॉलर आणि वर दहा सेंट भत्ता मिळे. त्यातली काही रक्कम घरच्या माणसाला दरमहा परभारे पाठविण्याची सोय होती. आजोबांनी दरमहा पंधरा डॉलर आईच्या नावे लावून दिले होते. म्हणजे जवळजवळ अर्धा पगार. १९१७ च्या जानेवारीत त्यांना दहा दिवसांची रजा मिळून ते फ्रान्सहून इंग्लंडात गेल्याची नोंद आहे. त्या दहा दिवसांत ते कोठे होते, हे कागद सांगत नाही. आणि १९१८ च्या मार्चमध्ये रक्कम थांबते. कारणाच्या रकान्यात : आई मृत.

"ती वारली" असे आजोबा नातीला म्हणाले होते ते खोटे नव्हते. केव्हा वारली, हे कोणी विचारले नव्हते आणि त्यांनी सांगितले नव्हते. त्या दोन शब्दांवर घरच्यांनीच अनाथपणाची सारी कथा रचली होती.

ऑगस्टमध्ये टपालाने आणखी एक पाकीट आले. ज्या धर्मादाय संस्थेने आजोबांना पाठविले होते (तिचे नाव येथे देण्याचे प्रयोजन नाही), तिचे जुने दप्तर शाबूत आहे आणि वंशजांना त्याच्या प्रती मिळतात. त्यात एक छायाचित्र होते : केस बारीक कापलेला, कान पुढे आलेला अकरा वर्षांचा मुलगा, कॅमेऱ्याकडे न पाहता थोडा बाजूला पाहणारा. एक संमतिपत्र होते, छापील. त्यात मधेच, बारीक अक्षरांत, मुलाला संस्थेच्या इच्छेनुसार कॅनडात पाठविता येईल असे कलम. खाली आईची निशाणी : एक फुली. तिला वाचता येत नव्हते. आणि दोन पत्रे होती, कोणा शेजाऱ्याकडून लिहवून घेतलेली. पहिल्या पत्रात ती मुलाला भेटायला कोणत्या वारी यावे, असे विचारते. त्या पत्रावरची तारीख बोट सुटल्यानंतर तीन आठवड्यांची आहे.

हे आम्ही सर्वांनी मिळून विहीणबाईंच्या स्वयंपाकघरात वाचले. त्यानंतर कोणी काही बोलले नाही. सौ.ने उठून सर्वांना चहा केला, आले घालून; तिकडे आले मिळते, पण घालण्याची पद्धत नाही.

सप्टेंबरात आम्ही लिव्हरपूलला गेलो. आमच्या व्हिशाची कथा लांबलचक आहे आणि वाचकांपैकी बहुतेकांना ती आपापल्या अनुभवाने ठाऊक असेल, म्हणून सोडून देतो. लंडनच्या यूस्टन स्थानकावरून गाडी सुमारे सव्वादोन तासांत लिव्हरपूलच्या लाइम स्ट्रीट स्थानकात पोचते. बाहेर पडताच समोर सेंट जॉर्जेस हॉलचे प्रचंड खांब, आणि त्याच्या पलीकडे मध्यवर्ती ग्रंथालय. शहराचे जुने दप्तर तेथेच असते.

तेथे वर्कहाऊसची आवक-जावकीची पुस्तके पाहिली. वर्कहाऊस म्हणजे ज्यांच्याजवळ काहीच उरले नाही त्यांना सरकारी खर्चाने, पण मानहानीसह, ठेवण्याची जागा. नवरा गोदीत मजूर होता, तो १९०२ साली वारल्याचे दाखल्यावरून आधीच कळले होते. १९०३ च्या डिसेंबरात ही बाई तीन मुलांसह ब्राउनलो हिलच्या वर्कहाऊसमध्ये दाखल झाली. अकरा आठवड्यांनी ती दोन मुलींना घेऊन बाहेर पडली. मुलाच्या ओळीत शेवटच्या रकान्यात त्या संस्थेचे नाव.

ती जागा पाहावी म्हणून दुसऱ्या दिवशी टेकडी चढलो. वर्कहाऊस उरलेले नाही. ते १९३१ च्या सुमारास पाडले आणि त्या जागी कॅथलिक पंथीयांचे महामंदिर उभे राहिले. त्याचा मूळ आराखडा लट्येन्स यांचा. आपल्या नव्या दिल्लीचे राष्ट्रपतिभवन बांधणारे तेच. त्यांच्या अवाढव्य कल्पनेतले फक्त तळघर पुरे झाले, पुढे पैसा आटला, आणि वर जे गोल, मुकुटासारखे मंदिर दिसते ते दुसऱ्या शिल्पकाराने १९६७ साली पुरे केले. आत निळ्या काचांतून येणारा प्रकाश फार सुंदर आहे. विहीणबाई त्या प्रकाशात बराच वेळ बसल्या; आम्ही तळघराच्या विटा पाहून आलो. एके काळी हजारो माणसे जेथे पेजेसाठी रांगेत उभी राहत, तेथे आज प्रवासी छायाचित्रे घेतात. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही, आम्हीही घेतली.

पण आमच्या लेखी सर्वांत मोठा कागद ग्रंथालयाच्या संगणकावर, शेवटी, जवळजवळ योगायोगाने मिळाला. तो १९११ च्या जनगणनेचा. इंग्लंडात दर दहा वर्षांनी होणाऱ्या जनगणनेत त्या वर्षी दोन गोष्टी नव्या होत्या. एक, घरमालकाने स्वहस्ते भरलेला कागदच जपून ठेवला गेला. आणि दुसरी, विवाहित स्त्रियांना विचारले गेले की, एकंदर मुले किती झाली, हयात किती आणि मृत किती. हा प्रश्न विधवांसाठी नव्हता. तरीही पुष्कळ विधवांनी तो रकाना भरला, आणि मग अधिकाऱ्यांनी त्यावर रेघ मारली.

भरतीच्या कागदावर होते तेच घर, तोच क्रमांक. आई, विधवा, लोकांच्या घरच्या फरश्या धुण्याचे काम. मोठी मुलगी पोत्यांच्या कारखान्यात. धाकटी शाळेत. कागद त्या दोघींपैकी कोणीतरी भरला असावा, कारण अक्षर शाळकरी आणि नीटस आहे. आणि विधवेने न भरायच्या त्या रकान्यात आकडे होते : एकंदर मुले चार. मृत एक. हयात तीन.

त्यावर आडवी रेघ. रेघेखालून आकडे स्वच्छ दिसतात.

घरात दोघी होत्या. तिसरा हेस्टिंग्ज परगण्यात गाईंचे दूध काढीत होता. सात वर्षे झाली होती. कोणी विचारले नसता तिने त्याला मोजले होते.

विहीणबाईंनी त्या पडद्यावर, त्या तीन आकड्यावर, बोट ठेवले. तेथील कर्मचाऱ्याने पडद्याला हात लावू नये असे सौम्यपणे सांगितले, मग आमच्याकडे पाहिले आणि पुन्हा काही म्हटले नाही.

येथे आम्हांला आमचा कुलवृत्तांत आठवला. सात पिढ्यांचे पुरुष त्यात ओळीने उभे आहेत, कोणी केव्हा मोकासा मिळविला, कोणी काशीस गेला, सारे आहे. मुली ‘एक कन्या’, ‘दोन कन्या’ एवढ्यावर संपतात, आणि आयांची नावे सासरची. आमच्या खापरपणजीला किती मुले झाली नि किती जगली, हे आम्हांला कोणत्याही वहीत सापडणार नाही. विहीणबाईंना हे सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, "मग तुमचे मूळ गाव अर्धेच ठाऊक आहे." उत्तर सुचले नाही.

नदीकाठी जाणे राहिले होते. मर्सीच्या धक्क्यावर आज ज्या तीन भव्य इमारतींची चित्रे पोस्टकार्डांवर असतात, त्यांतली सर्वांत जुनी १९०७ साली पुरी झाली. म्हणजे मुलगा बोटीत चढला तेव्हा त्यांतली एकही नव्हती. सेंट निकोलस चर्चचा मनोरा होता. खलाशांचे चर्च म्हणतात ते. मर्सीला भरती-ओहोटी इतकी मोठी येते की साध्या धक्क्याला बोट लावणे कठीण. म्हणून लोखंडी तराफ्यांवर जवळजवळ अर्धा मैल लांबीचा तरंगता धक्का बांधला होता. तोही आता नाही. ओहोटी लागली होती, पाणी मातकट आणि वेगवान होते. सौ. म्हणाली, "नर्मदेसारखे दिसते, पुराच्या." आम्हांला तसे वाटले नाही, पण परमुलखात माणूस नदीला आपल्या ओळखीची नदी जोडतोच.

शेवटच्या दिवशी ॲनफील्डची दफनभूमी. फुटबॉलच्या मैदानामुळे हे नाव आपल्याकडच्या मुलांनाही पाठ आहे. त्या मैदानापासून जवळच ही १८६३ साली सुरू झालेली विस्तीर्ण दफनभूमी. कार्यालयाकडून आधीच विभाग आणि क्रमांक मिळविला होता. कबर सार्वजनिक, म्हणजे ज्यांना स्वतःची जागा विकत घेण्याची ऐपत नव्हती त्यांची. एकाच खड्ड्यात एकावर एक, परस्परांचे कोणी नसलेली माणसे. वर दगड नाही. मुकादमाने पावलांनी अंतर मोजून गवतात एक जागा दाखविली.

सौ.ने शेवंतीची फुले आणली होती. नेमकी कोठे ठेवावीत हे कळेना. मुकादम म्हणाला, "मधोमध ठेवा. खाली आणखी अकरा जण आहेत, कोणी रागावणार नाही." विहीणबाईंनी पर्समधून ते छायाचित्र काढले, मोठे करून आणलेले, थोडा वेळ हातात धरून उभ्या राहिल्या आणि पुन्हा पर्समध्ये ठेवले. त्या काही बोलल्या असतील तर आम्ही ऐकले नाही. आम्ही मुद्दामच दोन पावले मागे होतो.

मग त्यांनी मुकादमाला त्या अकरा जणांची नावे विचारली. त्याला आश्चर्य वाटले, पण तो कार्यालयात जाऊन नोंदवही पाहून आला. त्याने एकेक नाव वाचले आणि विहीणबाईंनी ते वयासह आपल्या वहीत उतरवून घेतले. त्यांत चार लहान मुले होती. पाऊस सुरू झाला तेव्हा आठवे नाव चालले होते, सौ.ने त्यांच्या वहीवर छत्री धरली.